विषाणूचं एन्झाइम आपल्या पेशीतलं प्रथिन कापतं, हे सिद्ध कसं करायचं?

नियंत्रणनमुना

विषाणूंची एन्झाइम्स जन्मजात प्रतिकारशक्तीला कशी निकामी करतात, यावर मराठीत जे लिहिलं जातं ते बहुतेक वेळा ‘अमुक विषाणू इंटरफेरॉन दाबतो’ एवढ्यावरच थांबतं (इंटरफेरॉन म्हणजे संसर्ग झालेली पेशी सोडते ते धोक्याचा इशारा देणारं प्रथिन). दाबतो म्हणजे नक्की कुठलं प्रथिन, कुठल्या अमिनो आम्लापाशी तोडतो, आणि ते कशावरून ठरलं, हे इथे एकत्र करावं म्हणून हा धागा. सुरुवात प्रोटीएजपासून, म्हणजे प्रथिन कापणाऱ्या एन्झाइमपासून करतो, कारण पुरावा सगळ्यात नेमका तिथेच मिळतो आणि चुकतोही तिथेच.

आधी मार्ग थोडक्यात. पेशीत विषाणूचा आरएनए आला की रिग-आय आणि एमडीए५ ही प्रथिनं तो ओळखतात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणात रुतलेल्या मॅव्हस या प्रथिनाला निरोप देतात. मॅव्हसमुळे टीबीके१ हे किनेज कामाला लागतं, ते आयआरएफ३ला फॉस्फेट जोडतं, आयआरएफ३ केंद्रकात जातं आणि इंटरफेरॉन-बीटाचं जनुक सुरू होतं. डीएनएसाठी वेगळी वाट आहे. सीगॅस हे एन्झाइम पेशीद्रवातला डीएनए पकडून सीगॅम्प नावाचा छोटा रेणू बनवतं, तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरच्या स्टिंग या प्रथिनाला चिकटतो, आणि पुढे पुन्हा तेच टीबीके१ आणि आयआरएफ३.

हिपॅटायटिस सीचं एनएस३-४ए हे प्रोटीएज मॅव्हसला ५०८व्या सिस्टीनपाशी कापतं. मॅव्हस ५४० अमिनो आम्लांचं आहे आणि त्याचा मायटोकॉन्ड्रियात रुतणारा भाग अगदी शेवटी आहे. म्हणजे तुकडा पडतो जेमतेम ३२ आम्लांचा, पण उरलेलं सगळं मॅव्हस पेशीद्रवात सुटं होतं आणि निरोप तिथेच संपतो. २००५ साली चार गटांनी हे प्रथिन जवळपास एकाच वेळी शोधलं. त्यातल्या लोझानच्या गटाने त्याच शोधनिबंधात हा काप दाखवला.

तो पुरावा का पटतो ते बघा. एक, एनएस३चं १३९वं सेरीन बदलून अ‍ॅलनीन केलं की एन्झाइम मरतं आणि मॅव्हस शाबूत राहतं. दोन, मॅव्हसचं ५०८वं सिस्टीन बदलून आर्जिनीन केलं की जिवंत प्रोटीएजसमोरही मॅव्हस टिकतं आणि संकेत परत येतो. तीन, जुनाट हिपॅटायटिस सी असलेल्या रुग्णांच्या यकृताच्या बायोप्सीत कापलेलं मॅव्हस सापडलं. एन्झाइम, लक्ष्य आणि खरा संसर्ग, अशी तिन्ही टोकं बांधलेली आहेत.

यातलं पहिलं टोक सुटलं तर काय होतं? डेंग्यूचं एनएस३ रिग-आयचा मार्ग अडवतं, पण त्यासाठी ते काहीच कापत नाही. ते १४-३-३-एप्सिलॉन या वाहक प्रथिनाला चिकटून बसतं, त्यामुळे रिग-आय मॅव्हसपर्यंत पोचतच नाही. मेलेल्या एन्झाइमचा नमुना शेजारी नसेल तर हा परिणाम कुणीही प्रोटीएजच्या खात्यावर टाकेल. इंटरफेरॉन कमी झालं म्हणजे काहीतरी कापलं गेलं, हे सुतावरून स्वर्ग गाठणं झालं.

---

जेलवाली

मॅव्हसचा ब्लॉट (प्रथिनं जेलवर आकाराप्रमाणे वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) करणाऱ्यांसाठी चार गोष्टी.

हिशेबाने मॅव्हस ५७ किलोडाल्टनच्या आसपास यायला हवं, पण जेलवर ते ७०-७५ला धावतं. एनएस३-४एच्या कापाने त्यातून फक्त साडेतीन किलोडाल्टन कमी होतात. १२ टक्क्यांच्या छोट्या जेलवर हा फरक दिसत नाही. ८ टक्क्यांचं जेल घ्या, ५५ किलोडाल्टनची मार्कर पट्टी तळाजवळ येईपर्यंत चालवा, आणि न कापलेला व कापलेला नमुना अगदी शेजारच्या घरांत भरा. अँटिबॉडी मॅव्हसच्या पुढच्या किंवा मधल्या भागाला ओळखणारी हवी. शेवटच्या भागाला ओळखणारी असेल तर कापानंतर पट्टी नुसती नाहीशी होईल आणि ती कापली गेली की पूर्ण नष्ट झाली, हे सांगता येणार नाही.

५० किलोडाल्टनच्या जवळ दिसणारी पट्टी बघून लगेच ‘तुकडा सापडला’ म्हणू नका. निरोगी पेशीतही तिथे मिनी-मॅव्हस असतं. एकाच आरएनएवर १४२व्या मेथिओनीनपासून भाषांतर सुरू झालं की हे आखूड रूप तयार होतं. म्हणून विषाणू नसलेल्या पेशींचा नमुना हवाच, आणि शक्य असेल तर मॅव्हस काढून टाकलेल्या पेशींचाही.

शेवटची गोष्ट कॅस्पेजची, म्हणजे पेशी मरताना जाग्या होणाऱ्या तिच्या स्वतःच्या प्रोटीएजची. विषाणूने किंवा जास्तीच्या प्लाझ्मिडने (पेशीत जनुक घालायला वापरतात ते डीएनएचं वर्तुळ) पेशी मरायला लागली की कॅस्पेज-३ स्वतःच मॅव्हस, आयआरएफ३ आणि सीगॅस कापतं. अर्ध्या नमुन्यांत २० मायक्रोमोलर झेड-व्हॅड-एफएमके हा कॅस्पेज-रोधक घाला. तुकडा तेव्हाही दिसला तर तो कॅस्पेजचा नाही. त्याच ब्लॉटवर पार्प-१ बघा, कॅस्पेज तेही कापतं. त्याची ८९ किलोडाल्टनची पट्टी आली असेल तर पेशी मरू लागल्या आहेत.

---

तापमापक

मी प्रयोगशाळेतला नाही, वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण बघतो. डेंग्यू हा आरएनए विषाणू. स्टिंग डीएनएच्या वाटेवरचं. डेंग्यूचं प्रोटीएज स्टिंगला कापतं असं वाचलं, पण ते स्टिंगच्या मागे का लागेल?

---

सह्यकडा

@तापमापक डॉक्टर, प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. डेंग्यूच्या संसर्गात मायटोकॉन्ड्रियाला इजा होते आणि त्यांचा डीएनए पेशीद्रवात सांडतो. सीगॅस तो डीएनए आपला की परका हे बघत नाही. म्हणजे विषाणूकडे डीएनए नसला तरी घंटा वाजतेच. डेंग्यू ती दोन ठिकाणी बंद करतो. एनएस२बी सीगॅसला लायसोसोमकडे पाठवून नष्ट करवतं, आणि एनएस२बी-३ हे जोड-प्रोटीएज स्टिंगला कापतं. स्टिंगचा काप २०१२मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवला, एक न्यूयॉर्कचा आणि एक तैवानचा. काप ९५व्या आर्जिनीननंतर, ९६व्या ग्लायसीनच्या आधी पडतो. विषाणूचं स्वतःचं लांबलचक प्रथिन जिथे तुटतं तिथेही दोन आर्जिनीन किंवा लायसीन आणि पुढे ग्लायसीन, सेरीन किंवा अ‍ॅलनीन असं लहान आम्ल असतं. मानवी स्टिंगमध्ये तोच साचा योगायोगाने सापडतो.

उंदराच्या स्टिंगमध्ये तो साचा नाही, म्हणून उंदराचं स्टिंग कापलं जात नाही. शिवाय डेंग्यूचं एनएस५ इंटरफेरॉनचा निरोप पुढे नेणारं मानवी स्टॅट२ नष्ट करतं, उंदराचं नाही. साध्या उंदरात डेंग्यू नीट वाढत नाही आणि डेंग्यूवरच्या प्रयोगांना इंटरफेरॉनचे ग्राही (रिसेप्टर) काढून टाकलेले एजी१२९ उंदीर लागतात, ते याचमुळे. त्या उंदरावर औषध चाललं अशी बातमी आली, तर त्या प्राण्यात इंटरफेरॉनची बाजू मुळातच काढलेली आहे हे ध्यानात ठेवून वाचावी.

२०१८मध्ये यात आणखी भर पडली. अनेक माकडांचं स्टिंगही डेंग्यूला कापता येत नाही असं दिसलं, आणि जंगलातल्या डेंग्यूचा साठा माकडांतच असतो असं मानतात.

आता प्लाझ्मिडबद्दल. जीवाणूत बनवायला सोपं म्हणून एनएस२बीचा ४० आम्लांचा जलस्नेही भाग, मध्ये ग्लायसीनचा दुवा आणि पुढे एनएस३चा १८५ आम्लांचा प्रोटीएज भाग, अशी जोडणी सर्रास वापरतात. नळीतल्या चाचणीला ती उत्तम. पेशीत मात्र ती पेशीद्रवात तरंगते, आणि स्टिंग असतं एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमच्या पडद्यात. त्यामुळे पेशीतल्या प्रयोगाला पडद्यात रुतणारं पूर्ण एनएस२बी आणि त्याला लागून एनएस३ असंच प्लाझ्मिड घ्या. मेलेला जोडीदार म्हणजे १३५व्या सेरीनचं अ‍ॅलनीन.

हा मेलेला जोडीदार जिवंतापेक्षा जास्त साठतो, कारण जिवंत प्रोटीएज स्वतःलाही कापतं. जिवंताचे २०० नॅनोग्रॅम आणि मेलेल्याचेही २०० नॅनोग्रॅम घेतले म्हणजे तुलना बरोबरीची झाली असं होत नाही. आधी ब्लॉटवर दोघांचं प्रमाण बघा, मग प्लाझ्मिडचं प्रमाण ठरवा.

---

पिपेट

ल्युसिफेरेज चाचणीचे (इंटरफेरॉनचा संकेत प्रकाशाच्या रूपात मोजायच्या चाचणीचे) आकडे देतो, २४ घरांच्या प्लेटसाठी, दर घराला.

आदल्या दिवशी एचईके२९३टी पेशी सव्वा लाख. दुसऱ्या दिवशी ७०-८० टक्के तळ भरलेला हवा. इंटरफेरॉन-बीटा प्रमोटरवर काजव्याचं ल्युसिफेरेज असलेलं प्लाझ्मिड १०० नॅनोग्रॅम, टीके प्रमोटरवरचं, तुलनेसाठीचं रेनिला ल्युसिफेरेज १० नॅनोग्रॅम, सीगॅस ५०, स्टिंग ५०, प्रोटीएज ०, २५, ५०, १०० आणि २००. उरलेलं रिकामं प्लाझ्मिड घालून प्रत्येक घरात एकूण ५०० नॅनोग्रॅम झालंच पाहिजे. पीईआय (प्लाझ्मिड पेशीत नेणारं रसायन) १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असेल तर दीड मायक्रोलिटर. २४ तासांनी माध्यम काढा, १०० मायक्रोलिटर पॅसिव्ह लायसिस बफर, १५ मिनिटं हलवत ठेवा, त्यातले २० मायक्रोलिटर वाचायला.

सीगॅस आणि स्टिंग बाहेरून द्यावंच लागतं, कारण २९३टीमध्ये दोन्ही नाहीत. आणि एकदा दोन्ही दिलं की वेगळं उत्तेजन नको, तुम्ही घातलेलं प्लाझ्मिडच सीगॅसला पुरतं. स्टिंग १०० नॅनोग्रॅमच्या वर नेलं तर ते आपोआप पेटतं आणि मग प्रोटीएजचा परिणाम दिसत नाही. आधी फक्त स्टिंगची पायरी करून बघा: १०, २५, ५०, १००.

नकारात्मक निकाल आला तर सगळ्यात आधी उत्तेजन तपासा. डीएमएक्सएए हे औषध फक्त उंदराच्या स्टिंगला पेटवतं, मानवी स्टिंगवर त्याचा काही परिणाम नाही. मानवी पेशींत ते घालून ‘प्रोटीएजने संकेत बंद केला’ म्हणणं म्हणजे नसलेल्या संकेताचा हिशेब. त्याचप्रमाणे पॉली-आयसी (कृत्रिम दुपदरी आरएनए) नुसतं माध्यमात टाकलं तर ते बाहेरून आलेला आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर३ साठी, आणि २९३टीमध्ये ते नावापुरतंही नसतं. एमडीए५ साठी लांब साखळीचं पॉली-आयसी १ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, तेही ट्रान्सफेक्ट करून, म्हणजे पेशीच्या आत पोचवून. रिग-आय साठी ५-प्रायमला तीन फॉस्फेट असलेला आरएनए किंवा सेंडाई विषाणू.

स्टिंगचं प्लाझ्मिड उसनं आणलं असेल तर सिक्वेन्स करून २३२वं आम्ल बघा. लोकांत जास्त आढळतं ते आर्जिनीन, पण सुरुवातीला क्लोन झालेल्या आणि अजून फिरत असलेल्या प्लाझ्मिडांत हिस्टिडीन आहे. जीवाणूंच्या सायक्लिक डायन्युक्लिओटाइडना ते कमी दाद देतं.

---

जेलवाली

@पिपेट, रेनिलाने भागायचं हे लिहिलं नाहीत, पण सगळे तेच करतात आणि इथे त्यातच घोळ होतो. प्रोटीएज पेशीचं सगळंच उत्पादन बंद करत असेल तर काजव्याचं आणि रेनिलाचं दोन्ही खाली येतं. भागाकार केला की परिणाम झाकला जातो, किंवा रेनिला जास्त पडलं तर उलटच दिसतो. एंटेरोव्हायरसचं २ए प्रोटीएज ईआयएफ४जी कापून आरएनएच्या पुढच्या टोकाच्या टोपीवर अवलंबून असलेलं भाषांतर थांबवतं. कोरोनाचं एनएसपी१ रायबोसोमची वाट बुजवते, ते तर एन्झाइमही नाही. अशा प्रथिनांसोबत ही चाचणी करायची तर दोन्ही कच्चे आकडे वेगवेगळे छापले पाहिजेत.

---

पिपेट

मान्य. रेनिलाचा कच्चा आकडा प्रोटीएज नसलेल्या घराच्या ७० टक्क्यांखाली गेला तर त्या मात्रेचा भागाकार मी ग्राह्य धरत नाही. त्याऐवजी मात्रा कमी करायची. आणि आयआरएफ३ची पाच आम्लं बदलून कायम सुरू ठेवलेलं रूप, ५डी, घालून एक रांग लावायची. प्रोटीएज खरंच स्टिंगपाशी अडवत असेल तर ५डीने सुरू झालेला संकेत त्याला अडवता येणार नाही. तोही अडला तर गडबड खाली आहे, किंवा पेशीच आजारी आहे.

---

झिंकबोट

कोरोनाकडे वळतो, कारण तिथे गोष्ट सरळ कापण्याची नाही.

सार्स-कोव्ह-२चं पीएलप्रो हा एनएसपी३ या अवाढव्य प्रथिनाचा एक भाग. उत्प्रेरक त्रिकूट सिस्टीन १११, हिस्टिडीन २७२, अ‍ॅस्पार्टेट २८६. त्याला ल्युसीन, कुठलंही एक, ग्लायसीन, ग्लायसीन असा क्रम लागतो, आणि विषाणूच्या प्रथिनात तो तीन जागी आहे. पण युबिक्विटिन आणि आयएसजी१५ या, इतर प्रथिनांना चिकटणाऱ्या छोट्या प्रथिनांचं शेपूटही तसंच संपतं. इंटरफेरॉन मिळालं की पेशी आयएसजी१५ बनवते आणि ते इतर प्रथिनांना चिकटवते. एमडीए५च्या पुढच्या भागात २३व्या आणि ४३व्या लायसीनवर ते चिकटलं की एमडीए५ कामाला लागतं. पीएलप्रो ते चिकटवलेलं आयएसजी१५ उपटून काढतं. एमडीए५ला धक्का लागत नाही, ब्लॉटवर त्याचा तुकडा दिसत नाही, तरी ते निकामी होतं. २००३च्या सार्सचं पीएलप्रो युबिक्विटिनच्या साखळ्यांकडे जास्त झुकतं आणि २०१९चं आयएसजी१५कडे, हे फ्रँकफर्टच्या गटाने २०२०मध्ये दाखवलं.

नळीतली चाचणी: हेपेस ५० मिलिमोलर, पीएच ७.५, बीएसए ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, डीटीटी (सिस्टीन ऑक्सिडाइज होऊ न देणारं रसायन) ५ मिलिमोलर, एन्झाइम १० ते २० नॅनोमोलर, आयएसजी१५-एएमसी (एएमसी कापून सुटं झालं की चमकतं) अर्धा मायक्रोमोलर. ३६० नॅनोमीटरला उजेड, ४६०ला वाचन, ३० अंशांवर दर अर्ध्या मिनिटाला. पैसे वाचवायला पाच आम्लांचं आरएलआरजीजी-एएमसी घेतलंत तर एन्झाइम १०० नॅनोमोलरच्या वर आणि पेप्टाइड ५० मायक्रोमोलर लागेल. पेप्टाइड फक्त उत्प्रेरक खळगी तपासतं. आयएसजी१५ला धरून ठेवणारी बाकीची पकड त्यात दिसतच नाही. आयएसजी१५शी नातं तोडणारं उत्परिवर्तन पेप्टाइडवर ठणठणीत दिसू शकतं.

बिघाड कुठे होतो? या एन्झाइमच्या बोटासारख्या भागात चार सिस्टीननी धरलेला जस्ताचा अणू आहे. बफरमध्ये ईडीटीए (धातू ओढून घेणारं रसायन) असेल तर जस्त निघतं आणि घडी मोडते. शुद्धीकरणाच्या प्रोटीएज-रोधक कॉकटेलच्या गोळ्या ‘ईडीटीए-विरहित’ असलेल्याच घ्या. जीवाणू वाढवताना झिंक सल्फेट ०.१ मिलिमोलर घाला आणि आयपीटीजीने प्रथिन बनवणं सुरू केल्यानंतर १८ अंशांवर रातभर ठेवा. ३७वर प्रथिन गाळात जातं. डीटीटी विसरलात तर १११वं सिस्टीन हवेने ऑक्सिडाइज होतं आणि उन्हाळ्याच्या दुपारी बाकावर ठेवलेली नळी संध्याकाळपर्यंत मृत.

डीटीटीचा आणखी एक उपयोग. सिस्टीनवर चालणाऱ्या एन्झाइम्सना एब्सेलेन आणि डायसल्फिराम छान रोखतात असं दिसतं, ते डीटीटी नसताना. कोरोनाच्या मुख्य प्रोटीएजवर हेच तपासलं तेव्हा डीटीटी घातल्यावर रोध निघून गेला. ही रसायनं कुठल्याही उघड्या सिस्टीनला चिकटतात. आपल्या पेशीत ग्लुटाथायोन मिलिमोलर प्रमाणात असतं, म्हणून डीटीटीसह चाचणी हीच प्रामाणिक.

---

सह्यकडा

@झिंकबोट, आयएसजी१५चं प्लाझ्मिड बनवणाऱ्यांसाठी टॅगची (ओळखायला जोडतात त्या छोट्या तुकड्याची) जागा सांगा. तिथे बऱ्याच जणांचे महिने जातात.

---

झिंकबोट

टॅग पुढच्या टोकालाच. मागच्या टोकाला चिकटणारं ग्लायसीन-ग्लायसीन उघडं असायला हवं. मानवी आयएसजी१५ १६५ आम्लांचं बनतं आणि पेशी ते १५७वर छाटते. प्लाझ्मिड १५७वर संपवलं तर उत्तम. नियंत्रण म्हणून शेवटची दोन ग्लायसीन अ‍ॅलनीन करून दुसरं प्लाझ्मिड. ते कशालाच चिकटणार नाही.

२९३टीमध्ये चिकटवण्याची यंत्रणाही द्यावी लागते: यूबीए७, यूबीई२एल६ आणि एचईआरसी५. किंवा ए५४९ पेशींना इंटरफेरॉन-बीटा १००० युनिट प्रति मिलिलिटर देऊन ३६ तास थांबा, स्वतःची यंत्रणा जागी होते. ब्लॉटवर १५ किलोडाल्टनला सुटं आयएसजी१५ आणि वर शिडीसारख्या पट्ट्या. पीएलप्रो दिलं की शिडी पुसली जाते आणि खालची पट्टी जाड होते.

शिडी पुसली म्हणजे एमडीए५वरचं निघालंच असं नव्हे. त्यासाठी एमडीए५ ओढून काढून त्यावर आयएसजी१५ बघायचं. पेशी १ टक्का एसडीएसमध्ये ९५ अंशांवर ५ मिनिटं उकळा, मग दहापट पातळ करून ओढा. असं उकळलं नाही तर एमडीए५ला नुसतं बिलगलेलं दुसरंच प्रथिन आयएसजी१५ घेऊन येतं.

---

जेलवाली

उकळण्यावरून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट राहिली. प्रोटीएज लायसिसनंतरही कापत राहतं.

जिवंत पेशीत प्रोटीएज एका कप्प्यात आणि लक्ष्य दुसऱ्यात असू शकतं. रिपा बफर टाकला की सगळे कप्पे फुटतात, दोघं एका नळीत येतात, आणि बर्फावरच्या २० मिनिटांत काप पडतो. ब्लॉट सुंदर येतो आणि तो पूर्ण खोटा असतो.

उपाय सोपा आहे. थंड पीबीएसने धुवा आणि प्लेटमध्येच ९५ अंशांचा २एक्स सॅम्पल बफर ओता, खरवडा, १० मिनिटं उकळा. डीएनएमुळे चिकट होईल, २३ गेजच्या सुईतून दहाएक वेळा ओढा. पीएलप्रोसाठी लायसिस बफर लागणारच असेल तर त्यात १० मिलिमोलर एन-इथाइलमॅलिमाइड, त्याच दिवशी विरघळवलेलं. ते आयएसजी१५ काढणारं यजमानाचं यूएसपी१८ही थांबवतं, म्हणजे शिडी टिकते. पण त्याच बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल घालू नका, दोघं एकमेकांना संपवतात. डेंग्यूच्या सेरीन प्रोटीएजला अ‍ॅप्रोटिनिन रोखतं, कॉकटेलमध्ये ते आहे का ते बाटलीवर वाचा. ई-६४ आणि पेप्स्टॅटिनचा त्यावर उपयोग नाही.

आणि एक मिश्रणाचं नियंत्रण: फक्त लक्ष्य असलेल्या पेशी आणि फक्त प्रोटीएज असलेल्या पेशी वेगवेगळ्या वाढवा, लायसिसच्या क्षणी एकत्र करा. या नमुन्यात तुकडा दिसला तर तुमचा आधीचा तुकडाही नळीतलाच असू शकतो. शोधनिबंधांत हे नियंत्रण फार क्वचित दिसतं. समीक्षकांनी ते मागायलाच हवं.

स्टिंगच्या तुकड्यांबद्दल: पुढचा तुकडा १० किलोडाल्टनचा, मागचा सुमारे ३२चा. पुढे टॅग लावला असेल तर १० टक्क्यांच्या जेलमधून छोटा तुकडा निघून जाईल. १५ टक्के किंवा ४-२०चं ग्रेडियंट घ्या, पीव्हीडीएफ ०.२ मायक्रॉनचा.

---

तापमापक

बरंच कळलं. आता रुग्णाच्या बाजूने. हिपॅटायटिस सीच्या प्रोटीएज-रोधकांनी मॅव्हस वाचतं, म्हणजे औषध दुहेरी काम करतं असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. तसं म्हणता येईल?

---

नियंत्रणनमुना

डॉक्टर, पेशींत तसं दिसतं. रोधक दिला की कापणं थांबतं, नवं मॅव्हस साठतं आणि आयआरएफ३चा संकेत परततो. रुग्ण बरा होण्याचं श्रेय त्याला द्यायचं का, हा वेगळा मुद्दा. टेलाप्रेव्हिर आणि बोसेप्रेव्हिर २०११मध्ये आली. पुढे सोफोसबुव्हिर आणि वेल्पाटासव्हिर यांची जोडी आली. एक विषाणूचं पॉलिमरेज थांबवतं, दुसरं एनएस५एवर काम करतं. त्यात प्रोटीएज-रोधक नाही, तरी बरे होण्याचं प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास. विषाणूच संपला की प्रोटीएजही संपतं आणि मॅव्हस तसंही परत येतं. त्यामुळे रुग्णात मॅव्हस परत आलेलं दिसलं तर ते कारण की परिणाम, हे औषधाच्या यशावरून ठरवता येत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला अशी गाठ इथे सहज पडते.

वेगळं करायचं तर असं एन्झाइम हवं जे विषाणूचं प्रथिन कापतं पण आपलं नाही. इथे प्रोटीएजची मोठी अडचण आहे. मेलेलं प्रोटीएज असलेला विषाणू वाढतच नाही, कारण त्याचं स्वतःचं प्रथिन तुटत नाही. म्हणून १३५ए किंवा १११ए ही उत्परिवर्तनं (त्या जागच्या उत्प्रेरक आम्लाचं ॲलनीन) प्लाझ्मिडपुरतीच उपयोगी.

---

झिंकबोट

पीएलप्रोच्या बाबतीत वाट आहे. आयएसजी१५ जिथे टेकतं तिथली १६६ आणि १६८ ही आम्लं बदलली (आर्जिनीनचं सेरीन, ग्लुटामेटचं आर्जिनीन) तर आयएसजी१५ उपटणं जातं. प्लाझ्मिडच्या प्रयोगात १११एसोबत हा तिसरा नमुना ठेवाच. याच्यासमोर एमडीए५चा संकेत परत आला तर आयएसजी१५चाच संबंध आहे, नुसत्या कापण्याचा नाही.

जीआरएल-०६१७ हा रोधकही वापरता येतो, पेशींत १० ते ५० मायक्रोमोलर. तो सिस्टीनला चिकटत नाही, २६८व्या टायरोसीनजवळच्या लवचीक वळणाखाली बसतो, आणि आपली डीयुबिक्विटिनेज (युबिक्विटिन काढणारी एन्झाइम्स) सहसा सोडून देतो. पण त्याने विषाणूची वाढही थांबते, त्यामुळे संसर्गात तो दिला आणि इंटरफेरॉन वाढलं, एवढ्यावरून निष्कर्ष नको.

---

सह्यकडा

प्रोटीएज सोडून इतर एन्झाइम्सकडे गेलं तर विषाणूतच उत्परिवर्तन करता येतं आणि पुरावा फार स्वच्छ मिळतो. एनएसपी१५ घ्या. हे आरएनए कापणारं एन्झाइम कोरोनाच्या ऋण-धाग्याच्या टोकाची युरिडिनची लांब शेपटी छाटतं, म्हणजे एमडीए५ला ओळखायला कमी आरएनए उरतो. उंदराच्या कोरोना विषाणूत, एमएचव्हीत, हे एन्झाइम मारलं तर विषाणू फायब्रोब्लास्टमध्ये जवळपास तसाच वाढतो, पण मॅक्रोफेजमध्ये अडतो. इंटरफेरॉनचा ग्राही नसलेल्या उंदरांत तो पुन्हा जोमाने वाढतो. एन्झाइम काढलं, विषाणू दुबळा झाला. यजमानाचा तोच मार्ग काढला, विषाणू सावरला. असं जनुकीय उत्तर असलं की वाद उरत नाही.

एनएसपी१६ आरएनएच्या टोपीवर मिथाइल गट लावतं, तो नसेल तर आयएफआयटी१ हे पेशीचं प्रथिन आरएनएला पकडतं. आणि व्हॅक्सिनियाचं पॉक्सिन प्रथिनाला हातच लावत नाही, थेट सीगॅम्प तोडतं. ते बी२आर जनुकातून येतं, २०१९मध्ये कळलं. ब्लॉटवर त्याचा काहीच पुरावा मिळणार नाही, सीगॅम्प मोजावा लागतो.

---

पिपेट

शेवटी खऱ्या संसर्गाकडे जाणाऱ्यांसाठी. इंटरफेरॉन-बीटाच्या जनुकात इन्ट्रॉन (आरएनए तयार होताना छाटला जाणारा भाग) नाही. त्यामुळे आरएनए मोजणाऱ्या क्यूपीसीआरचे प्रायमर जोडावर बसवून जीनोमिक डीएनए टाळता येत नाही. आरएनएवर डीएनेज द्या, आणि प्रत्येक नमुन्याची रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली जोडनळी लावा. दोघांत किमान सात सायकलचं अंतर नसेल तर तो आकडा वापरू नका. जोडीला आयएफआयटी१ मोजा, त्यात इन्ट्रॉन आहे.

डेंग्यू ए५४९मध्ये एमओआय १ने (दर पेशीमागे एक विषाणू), ६, १२, २४ आणि ३६ तास. स्टिंग बघायचं तर मोनोसाइटपासून बनवलेल्या डेंड्रिटिक पेशी जास्त योग्य. अतिनील किरणांनी मारलेला विषाणू समांतर द्या, म्हणजे आत आलेल्या कणांचा परिणाम वेगळा काढता येईल.

सार्स-कोव्ह-२चा जिवंत विषाणू जैवसुरक्षा पातळी ३ शिवाय नाही. पण इथे वर चर्चा झालेले प्लाझ्मिडचे सगळे प्रयोग पातळी २वर होतात. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी त्यालाही लागते, आणि अर्जात प्लाझ्मिडचं नाव, आतलं जनुक आणि उत्परिवर्तन प्रत्येकी लिहा. ‘विषाणूचं प्रोटीएज’ एवढंच लिहिलं तर अर्ज परत येतो.

---

जेलवाली

१११ए आणि १३५एची प्लाझ्मिडं मागवताना पूर्ण जनुक सिक्वेन्स करून घ्या, फक्त बदललेली जागा नाही. उत्परिवर्तनाच्या पीसीआरमध्ये दुसरीकडे एक अक्षर चुकलं तरी एन्झाइम ‘मेलेलं’ दिसतं, आणि मग ते उत्प्रेरक जागेमुळे मेलं की घडीच बिघडली हे कळत नाही. घडी ठीक आहे हे तपासायला जीवाणूतून काढलेल्या दोन्ही प्रथिनांचं वितळण्याचं तापमान थर्मल शिफ्टने मोजा. दोन अंशांच्या आत असतील तर पुढे जा.